पासवर्डची वही आणि पोस्टमनचे दोन ठोके

जाहीर सूचना. तमाम नागरिक, माजी ग्राहक, त्यांचे वारस व हितशत्रू यांस कळविण्यात येते की, आमच्या सायबर कॅफेच्या काउंटरखाली कित्येक वर्षे वास्तव्यास असलेली, निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी वही, जिच्यात अर्ध्या तालुक्याचे ईमेल आणि त्यांचे पासवर्ड प्रस्तुत लेखिकेच्या सुवाच्य अक्षरात नोंदवलेले होते, ती वही आता अस्तित्वात नाही. लेखिकेने ती पान पान सुटे करून धान उकडायच्या चुलीत घातली आहे. तरी कोणीही आपला पासवर्ड विचारण्यासाठी लेखिकेला बसस्टँडवर, लग्नात किंवा दवाखान्याच्या रांगेत अडवू नये. लेखिकेला तो आठवत नाही.

शेवटचे वाक्य खोटे आहे. बरेचसे पासवर्ड मला आजही पाठ आहेत. पण जाहीर सूचनेत असे वाक्य शोभून दिसते.

आता ही वही काय प्रकरण होते, ते सांगते. दोन हजार तीन-चारच्या सुमारास आमच्या तालुक्याच्या गावी मी सायबर कॅफे उघडला. गोंदिया जिल्हा, दक्षिणेकडचा भाग, भोवताली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, आणि तलाव, एवढे तुम्हाला पुरे. प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेली चार खोकी, चार संगणक, एक इन्व्हर्टर आणि गणपतीचा एक फोटो. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचे. येताना ते घसा साफ करणाऱ्या म्हाताऱ्यासारखा आवाज काढायचे आणि कोणी फोन लावला की निघून जायचे. लोक काय करायला यायचे? नोकरीचा फॉर्म भरायला, निकाल बघायला, दुबईत गेलेल्या भावाला ईमेल करायला. टाइप करणारे थोडे, सांगणारे फार. म्हणून बहुतेक ईमेल मीच लिहायचे. ते बोलायचे, मी बडवायचे. उत्तर आले की मीच वाचून दाखवायचे.

ईमेल काढला की पासवर्ड आला. पासवर्ड आला की दुसऱ्या दिवशी तो विसरणे आले. मग लोकच म्हणू लागले, "ताई, तुमच्याजवळच लिहून ठेवा ना." म्हणून वही. त्यात मी नावाप्रमाणे पाने पाडली होती. अर्ध्या लोकांचा पासवर्ड त्यांच्या बैलाचे नाव होता, उरलेल्यांचा बायकोचे. एका राइस मिलचे मुनीम एकदा गोंदिया स्टेशनवरून फोन करून ओरडले, "बहनजी, मेरा पासवर्ड क्या है?" रेल्वेच्या भोंग्यात त्यांना ऐकू जाईना. मी ओरडून ओरडून अक्षर अक्षर सांगितले. त्यांना कळले की नाही माहीत नाही. माझ्या दुकानातल्या अकरा जणांना कळले.

आम्ही हसलो. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही, मला तर नाहीच.

निकालाच्या दिवशी मी स्टुलावर उभी राहून निकाल वाचायचे. लहानपणी गावच्या नाटकात काम केलेली बाई मी. समोर रस्त्यापर्यंत गर्दी आणि हातात निकालाचा कागद असताना गप्प कशी बसणार? नंबर वाचायचा, क्षणभर थांबायचे, मग "पास!" म्हणायचे. टाळ्या पडायच्या. एका वर्षी मी असाच नंबर वाचला, थांबले, आणि पुढे बघितले तर "पास" नव्हते. थांबून झाले होते, गर्दी कान देऊन होती. मी तेही त्याच आवाजात वाचले. ती मुलगी वडिलांच्या मागे उभी होती. ती पुन्हा कधी माझ्या दुकानात आली नाही. तिचे फॉर्म भरायला तिचा भाऊ यायचा.

यातून मी काही शिकले, असे लिहायला मला फार आवडले असते. पण पुढच्या वर्षी मी पुन्हा स्टुलावर होते.

आता सुखदेवकाकांकडे येऊ. या लेखातले एकही नाव खरे नाही, हे आधीच सांगते. नाव बदलल्याने काय होते आणि काय होत नाही, तेही पुढे येईलच. हा लेख छापायला देण्याआधी ज्यांच्याबद्दल तो आहे त्या सगळ्यांना वाचून दाखवला. दोन वाक्ये खोडायला लावली गेली. कोणती, ते सांगितले तर खोडली कशाला?

सुखदेवकाका निवृत्त पोस्टमन. बायको जाऊन सहा-सात वर्षे झाली होती. मुलगा, सून, नातू एकाच घरात, सगळे चांगले. एका दुपारी दुकान रिकामे बघून ते आले, चपला बाहेर काढल्या, काउंटरवर वाकले आणि जवळजवळ ओठांनीच म्हणाले, "बाई, लग्न जुळवाची वेबसाइट राहते म्हणतेत. त्यात साठीच्या मानसाले जागा हाय का?"

जागा होती. आम्ही त्यांची माहिती भरली. ते प्रत्येक ठिकाणी पत्ता पूर्ण सांगायचे, पिनकोडसकट. "आवड" या रकान्यातही त्यांनी पिनकोड घालायला लावला असता. मी हात आवरला. महिन्याभरात तिरोड्याहून एका विधवा बाईंचे उत्तर आले. त्या निवृत्त परिचारिका. स्वतः टाइप करायच्या. मग काकांचे सांगणे, माझे लिहिणे, त्यांचे उत्तर, माझे वाचणे, असे सुरू झाले. ईमेल गेला की काका टेबलावर मूठ आपटायचे. ठक-ठक. पहिला ठोका हलका, दुसरा जोरात. पहिला शाईच्या गादीवर, दुसरा टपालावर. तीस वर्षे शिक्के मारून तो हाताला लागला होता. चहा संपला की कपही तसाच ठेवायचे. बुद्धविहारातल्या सभेत ठराव मंजूर झाला की जमिनीवर ठक-ठक.

काकांची अट एकच होती. "पोराले मीच सांगीन. पहिले त्या बाई गाव पाहून जाऊ दे. त्याइले पटलं पाहिजे. मंग घरी बोलीन. माह्या तोंडून गेलं तं पोरगा समजून घेईल. दुसऱ्याच्या तोंडून गेलं तं त्याले वाटंल, बाप चोरून काई करून राहिला."

मी म्हटले, "काका, माझ्या पोटात राहील." आणि मला ते खरेच वाटत होते.

त्याच दिवसांत मला ब्लॉग सापडला. मराठीत लिहिता येते, लगेच छापून येते, संपादक नाही, साभार परत नाही! मी काउंटरमागच्या गमती लिहू लागले. बैलांच्या नावांचे पासवर्ड, मुनीमजींचा फोन. पुण्याहून लोकांचे अभिप्राय आले, बंगळूरहून आले, एकदा थेट कॅनडातून आला. तालुक्याच्या गावी प्लायवूडच्या फळीमागे बसलेल्या बाईला कॅनडातून कोणी "अजून येऊ द्या" म्हटले तर तिचे काय होते, ते विचारू नका.

मी काकांवर लिहिले.

काळजी घेतली हो! नाव श्यामराव केले. पोस्टमनचा ग्रामसेवक केला. तिरोड्याच्या बाईंना बालाघाटला पाठवले आणि शिक्षिका केले. एवढे केल्यावर मला वाटले, आता त्यांची आई आली तरी ओळखणार नाही. पिनकोड मात्र ठेवला. आणि ठक-ठक ठेवले. ते काढले असते तर मजाच गेली असती. वाचकांना तेच सर्वांत आवडले.

दिवाळीच्या तोंडावर दंडारीतला नट किसनाभाऊ हँडबिल टाइप करायला आला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. जत्राच ती. दुकाने, पाळणे, शिंगाड्यांचे ढीग आणि भर दुपारी चौकात दंडार. गाणी, नाच आणि मधूनमधून विनोदी सोंगे. किसनाभाऊ सोंगांचा राजा. तो म्हणाला, "ताई, औंदा काही नवं सापडून नाई राहिलं. तेच तेच बुढे, तेच तेच जावई."

मी त्याला ब्लॉग वाचून दाखवला. वाचून दाखवला म्हणणे कमीच आहे. मी करून दाखवला. श्यामराव कसा कानाशी वाकतो, कसा पिनकोड सांगतो आणि शेवटी, काउंटरवर, ठक-ठक. किसनाभाऊ हसून हसून प्लायवूडला टेकला. "मी घेऊ हे?" म्हणाला. कलावंताने कलावंताला विचारावे तसे विचारले. मी हो म्हटले.

आणि त्याच आठवड्यात काकांनी मला हे टाइप करायला सांगितले होते. शब्द मला पाठ आहेत आणि ते इथे लिहायला परवानगी आहे: "आमच्या गावची मंडई भाऊबीजेनंतर हाय. त्या दिवशी घरोघरी पाहुने राहतेत. कोन कोनाचा पाहुना, कोनी पुसत नाई. भावाले घेऊन या. गाव पाहा, घर बाहेरून पाहा. मी दंडारीसमोर खुर्चीवर बसून राहीन. पटलं तं बोलू. नाई पटलं तं मंडई पाहून परत जा, मी वाईट मानून घेनार नाई." खाली पूर्ण पत्ता. पिनकोड. ठक-ठक.

दोन्ही गोष्टी माझ्याच हातांनी झाल्या, एकाच टेबलावर, तीन दिवसांच्या अंतराने. त्या दोन्ही एका चौकात एकमेकींना भेटतील, हे माझ्या डोक्यात आले नाही. मला एवढेच आठवते की, मंडईच्या दुपारी मी बायकांच्या बाजूला शिंगाडे सोलत बसले होते आणि माझे लेखन रंगमंचावर येणार म्हणून नवी साडी नेसले होते.

किसनाभाऊ आला. पिकल्या केसांसाठी डोक्यावर कापसाचा बोळा, पुढ्यात खोका, खोक्यावर खडूने काढलेली बटणे. साडी नेसलेला दुसरा नट लाजत पलीकडे उभा. किसनाभाऊने पत्र सांगितले, पत्ता सांगितला, पिनकोड सांगितला. लोक हसत होते, जसे कुठल्याही म्हाताऱ्या नवरदेवाला हसतात. मग त्याने मूठ उचलली.

ठक. ठक. पहिला हलका, दुसरा जोरात.

माझ्या शेजारची बाई म्हणाली, "अवो माय, हा तं आपला पोस्टमन व्हय!"

मग जे हसू फुटले तसे माझ्या कुठल्याही नाटकाला कधी आले नाही. सगळ्या माना काकांच्या खुर्चीकडे वळल्या. चार खुर्च्या सोडून त्यांचा मुलगा नातवाला खांद्यावर घेऊन उभा होता. तोही हसत होता, आणि मग थांबला. काका उठले नाहीत. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, समोर बघत, सोंग संपेपर्यंत बसून राहिले.

मी दुसरीकडे बघत होते. मला एक बाई शोधायच्या होत्या, ज्यांना मी कधी पाहिले नव्हते. त्या सापडायला वेळ लागला नाही. हसत नसलेल्या त्या एकट्याच होत्या. करडी साडी, हातात पिशवी, शेजारी पिकल्या केसांचा भाऊ. त्या खुर्चीकडे बघत होत्या. मग उठल्या आणि पाळण्यांमधून वाट काढत बसस्टँडकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा मुलगा दुकानात आला. बसला नाही.

"ताई, तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"दंडारवाल्याइले मालूम होतं. साऱ्या गावाले मालूम झालं. मलेच मालूम नव्हतं. बाबा मले काऊन नाई बोलले?"

"बोलणारच होते. मंडई झाल्यावर."

"मंग तुमी पहिले काऊन सांगतलं?"

मी तासन्‌तास बोलू शकणारी बाई. मी नुसता काउंटर पुसत राहिले.

तो गेल्यावर मी ब्लॉगवरचा तो मजकूर पुसला. आठवड्याभरात तो मलाच ईमेलने परत आला. भंडाऱ्याच्या एका ओळखीच्या बाईंनी पाठवला होता: "वाच, हसून हसून पोट दुखेल." खाली लेखकाचे नाव नव्हते. दुसऱ्या कुठल्या वेळी मी नाव गाळल्याबद्दल भांडले असते.

काकांच्या घरी जायला मला चार दिवस लागले. ते अंगणात बाज विणत होते. मी उभ्याउभ्याच माफी मागितली. बरीच लांब आणि, खरे सांगायचे तर, थोडी नाटकी. त्यांनी दोरी ओढत ऐकून घेतली.

"बाई, बसा," ते म्हणाले. "मी तीस वर्सं टपाल वाटलो. पाकिटाचं सोडा, ते बंद राहते. पोस्टकार्ड तं उघडंच राहते. वाटंनं चालता चालता वाचूनच होते, डोळे कुठी ठेवता? कोनाची पोरगी नांदत नाई, कोनाचा जावई दारू पिते, सारं मले मालूम. मी कोनाले सांगतलो का?"

"नाही, काका."

"घरच्या बाईलेही नाई. ते चिडे. म्हणे, गावाचं सारं तुमाले मालूम, आन् मले एक गोष्ट सांगत नाई."

मी म्हटले, "काका, पण मी नाव बदललं होतं. गावही बदललं होतं."

आता त्यांनी दोरी खाली ठेवली. "नाव चुकलं म्हणून मी कधी टपाल परत पाठवलो नाई, बाई. पत्ता बरोबर असला का पोचतेच. तुमी पत्ता पूर्ण लिहिला."

मी रडले. ते मला पाणी द्यायला उठले. पाणी पिऊन झाल्यावर मी विचारले, आता काय करू? ते म्हणाले, "माफीचं राहू द्या. ते वही आना."

मी दुकानात जाऊन वही आणली. त्यांनी आपले पान काढायला लावले आणि माझ्यासमोर त्याचे तुकडे केले. पानाच्या मागे मुनीमजींचा पासवर्ड होता. तेही फाटले. मग म्हणाले, "मले टाइप करा शिकवा."

ते पंधरा दिवस रोज दुपारी आले. एका बोटाने एकेक अक्षर. त्यांना काना सापडला की वेलांटी हरवायची. मी शिकवायचे, पण लिहायचे काय ते विचारायचे नाही, असा करार होता. सोळाव्या दिवशी ते म्हणाले, "आज मी लिहितो. तुमी बाहेर बसा."

माझ्या दुकानातून मला बाहेर काढले! मी पायरीवर बसले. येणारे-जाणारे विचारत होते, "ताई, बाहेर काऊन बसून राहिल्या?" मी म्हणायचे, "आत ग्राहक आहे." आतून एक-एक बटण ऐकू येत होते. टक. बराच वेळ काही नाही. टक. मग भारनियमनाची वेळ झाली, वीज गेली, इन्व्हर्टर त्या महिन्यात आजारी होता. लिहिलेले सगळे पुसले गेले असणार. काका बाहेर आले, चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मी पुन्हा पायरीवर. पाऊण तासाने आतून आवाज आला. ठक-ठक.

मी आत गेले तेव्हा पडदा कोरा होता आणि खुर्ची जागेवर सारलेली होती.

त्यात काय लिहिले होते, उत्तर आले का, काय आले, मला माहीत नाही. ते दर तीन-चार दिवसांनी यायचे, मी पायरीवर जायचे. बाहेर येताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. तीस वर्षे लोकांच्या घरी बऱ्या-वाईट बातम्या पोचवलेला तो चेहरा. त्यावर काही म्हणजे काही दिसत नसे. ज्या बाईला तालुक्यातल्या बैलांची नावे पाठ, तिला आपल्याच दुकानात काय चालले आहे ते कळू नये! मला झोप लागत नव्हती, भूक लागत नव्हती. घरचे म्हणाले, दवाखान्यात जाऊन ये.

त्या उन्हाळ्यात एकदा काकांचा मुलगा आला. हाताने लिहिलेला कागद पुढे केला. "ताई, पत्रिका टाइप करून द्या." वराचे नाव, वधूचे नाव, तिरोड्याचे विहार. निमंत्रक म्हणून त्याचे स्वतःचे नाव. मी टाइप केले, प्रती काढल्या आणि मोजून दिल्या. त्याने त्यातली एक काढून माझ्याकडे सरकवली. "तुमाले बाबानं बोलावलं. मी नोको म्हणलो होतो," आणि जाता जाता, "या."

त्या संध्याकाळी उरलेली वही चुलीत गेली. पासवर्ड विसरलेल्यांना मी नवा पासवर्ड कसा घ्यायचा ते शिकवू लागले. फार लोक रागावले. आणि पुढच्या निकालाला स्टूल घरी नेऊन ठेवले. ज्याचा नंबर त्याला एकट्याला आत बोलवायचे. गर्दी म्हणाली, ताईंच्या निकालात आता मजा राहिली नाही. खरेच राहिली नव्हती.

लग्नाला विहारात तीस-चाळीस माणसे. मी मुद्दाम शेवटच्या सतरंजीवर बसले. बाई माझ्याजवळ आल्या, माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, "तुमी लिहिलेलं मी वाचली होती. मंडईच्या आधीच. लिहिता मस्त. पण ते तुमचं नव्हतं ना, बाई." मी मान खाली घातली. त्यांनी हात सोडला नाही, हेही सांगायला हवे.

वंदना झाली. प्रतिज्ञा झाल्या, हार घातले, सहीसाठी वही पुढे आली. बाईंनी सही केली. काकांनी चष्मा लावून सही केली, पेन ठेवले, मूठ वळली, सगळ्यांकडे एकदा बघितले, आणि टेबलावर, साऱ्यांदेखत, ठक-ठक.

सगळे हसले. मुलगा सर्वांत मोठ्याने हसला, डोळे पुसत. मग हसू ओसरले आणि विहारात अशी शांतता पसरली की, पंख्याचा आवाज ऐकू यावा. मी तोंडावर पदर दाबून धरला होता. देवाशपथ धरला होता. तरी त्या शांततेत, शेवटच्या सतरंजीवरून, स्टुलावरच्या त्याच खणखणीत आवाजात माझ्या तोंडून निघून गेले:

"पण काका, तुम्ही लिहिलं काय होतं?"